चांदणी, कंस, स्वल्पविराम

दिवाळी जवळ आली की नगरला पहाटे एक कोरडा गारवा उतरतो. अंगाला तो नंतर जाणवतो, आधी दाराच्या कडीला लागतो. कडीला हात लावल्यावर बोटं जरा थबकली, की मी समजतो, सुट्टी लागली. नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सुट्टी लागायची काही थांबत नाही. कॉलेजचं आवार रिकामं होतं, सायकल स्टँडवर शिपायाची एकटी सायकल उरते, आणि प्रयोगशाळेत नळ ठिबकत असेल तर तो फाटकापर्यंत ऐकू येतो. आज सकाळी कडी गार लागली आणि बाहत्तर सालची दिवाळी आठवली.

दिवाळी आपलं म्हणायचं. त्या वर्षी माझ्या घरात दिवाळी नव्हती. शालन, माझी बायको, चैत्रात काविळीनं गेली होती. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत. बाहेर तरी काय होतं? पाऊस झालाच नव्हता. गल्लीत टँकर यायचा तेव्हा हंड्यांचा आवाज व्हायचा, तोच काय तो दिवसातला मोठा आवाज. शेजारच्या घरांवर दोन-चार आकाशकंदील लागले होते. माझ्या खोलीच्या भिंतीवर त्यांचा तांबडा-हिरवा उजेड यायचा आणि वारा आला की हलायचा. मी तो बघत बसायचो. दिवस तसे लहान होते, पण संपत नव्हते.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि पुण्याच्या एका सरांकडे पीएच.डी. करत होतो. विषय सांगायला लागलो की ऐकणाऱ्याची नजर दुसरीकडे जायची, म्हणून मी सांगणं सोडलं होतं. इथे सांगतो. धार लावायच्या काळ्या चाकात जी चमकती, खरखरीत कणी असते, ते बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइड असतं. भट्टीत तयार होणारं, विलक्षण टणक सिरॅमिक. त्याचा स्फटिक म्हणजे थरावर थर. फळवाला मोसंबी रचतो, तशी खालच्या थरातल्या खोलगटात वरच्या थराची बैठक. प्रत्येक थराला बसायला तीनच जागा. त्यांना अ, ब आणि क म्हणू. अ वर लगेच अ बसत नाही, एवढाच नियम. बाकी अब अब अशी रांग होईल, अबक अबक अशी होईल, नाहीतर त्याहून कितीतरी लांबलचक. पण स्फटिक घडताना किंवा तापताना मध्येच कुठेतरी क्रम चुकतो. ब यायचा तिथे क येतो, आणि पुढची सगळी रांग त्या चुकीला धरून मुकाट वर चढत राहते. याला रचनेतला दोष म्हणतात. डोळ्यांना तो दिसत नाही. क्ष-किरणांच्या फोटोत मात्र जिथे नुसते ठसठशीत ठिपके हवेत, तिथे ठिपक्या-ठिपक्यांना जोडणारी पुसट रेघ उमटते. दोष आहेत एवढं त्या रेघेवरून कळतं. ते कसे विखुरलेत, ते कळत नाही.

ते कळावं म्हणून कॉम्प्युटर. त्याला सांगायचं, की बाबा, हजारो थरांची चळत रच, अमुक नियमानं तिच्यात दोष टाक, आणि अशा चळतीचा फोटो कसा येईल ते काढून दाखव. तो खऱ्या फोटोशी जुळला तर नियम बरोबर. नाही जुळला तर दुसरा नियम. सरांचं मत होतं की दोष कुठेही, कसेही पडत असणार. वाऱ्यानं बी पडावं तसे. मला तसं वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं, ते मला नीट सांगता येत नव्हतं, आणि कॉम्प्युटर मुंबईला होता.

एका संशोधन संस्थेत तो होता, आणि बाहेरच्यांना त्याचा थोडाथोडा वेळ मिळे. प्रोग्रॅम चौकटी आखलेल्या मोठ्या कागदांवर लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. ते कागद पोस्टानं पाठवायचे. तिकडे त्यांची भोकं पाडलेली कार्डं तयार व्हायची, कार्डं यंत्रात जायची, आणि काही आठवड्यांनी छापील कागदांची चळत परत यायची. एक स्वल्पविराम चुकला तर त्या चळतीत फक्त तेवढंच लिहिलेलं असे की स्वल्पविराम चुकला आहे. म्हणून कागद पाठवण्याआधी शालन ते मला वाचून दाखवायची आणि मी कच्च्या प्रतीशी ताडून बघायचो.

ती पुणतांब्याची, गोदावरीकाठची, शेतकऱ्याची मुलगी. मॅट्रिक झालेली. इंग्रजी अक्षरं तिला येत होती, पण त्या कागदांवरचं इंग्रजी कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं स्वतःची वाचायची पद्धत बसवली. गुणाकारासाठी तिथे ताऱ्यासारखी खूण असे, तिला ती चांदणी म्हणायची. भागाकाराची तिरकी रेघ म्हणजे काडी. "एक्स बरोबर ए चांदणी कंस बी अधिक सी कंस पुरा, खाली." संध्याकाळी स्टोव्ह बंद केला की पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची आणि वाचायची, पोथी वाचावी तशी एका सुरात. एकदा मध्येच थांबली.

"अहो, हे काय? एन बरोबर एन अधिक एक?"

"बरोबर आहे."

"बरोबर कसं? आमच्या बाईंनी छडीच मारली असती."

मी तिला समजावलं, की हे समीकरण नाही, हुकूम आहे. एन जेवढा असेल त्यात एक घाल आणि त्यालाच आता एन म्हण. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे वय." आणि पुढची ओळ वाचायला लागली.

ती गेल्यावर मी कागद एकट्यानं तपासायला लागलो. आपणच लिहिलेलं आपणच वाचताना डोळा पुढे पळतो. कागदावर काय आहे ते न वाचता मनात काय आहे तेच वाचतो. पावसाळ्यात पहिली चळत परत आली, स्वल्पविराम चुकला होता. दसऱ्याच्या सुमाराला दुसरी आली. या वेळी यंत्रानं तक्रार केली नव्हती, गणित पुरं केलं होतं, पण उत्तर कशाचंच नव्हतं. रेघ नाही, ठिपका नाही, नुसता गाळ. सरांनी कळवलं, की दिवाळीत संस्थेतले लोक सुट्टीवर असतात, तेव्हा दुपारचा वेळ मिळेल. स्वतः जाऊन या, ही शेवटची संधी समजा, नाहीतर विषय बदलू. मी त्या कागदांसमोर बसायचो. चूक त्यातच कुठेतरी होती आणि मला दिसत नव्हती. खोलीत कुणी बोलणारं नव्हतं. दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं, की तेवढाच माझा आवाज मला ऐकू यायचा.

अशात धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तात्या आले. शालनचे वडील. पुणतांब्याहून रेल्वेनं आले होते. डोक्याला फेटा, खांद्यावर पिशवी, दारात उभे. लग्नानंतर आम्ही एकमेकांशी चार वाक्यंसुद्धा धड बोललो नव्हतो. जे बोलायचं ते शालनच्या मार्फत.

"यंदा तुमाला दिवाळीला बोलावता येत न्हाई," ते म्हणाले, "म्हनून मीच आलो." पिशवीतून त्यांनी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि चार लिंबं काढली. "फराळाचं काय आनलं न्हाई."

"बसा तात्या," मी म्हणालो.

आमच्या घरमालकीण हमीदाबी खाली राहायच्या. विधवा बाई, रमजानचे रोजे चालू होते, तरी रोज दुपारी वर डोकावून मी जेवलो की नाही ते विचारायच्या. तात्यांना बघून त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "सासरे आले? त्यांना धाकटी मुलगी आहे ना हो?"

"आहे. मंदा."

"मग बरोबर. त्याच्यासाठीच आलेत. नाही म्हणू नका सर. लोक असंच करतात, आणि बरं असतं ते."

मी जिन्यातच उभा राहिलो. मंदा. आमच्या लग्नात शालनचा पदर धरून मागे मागे फिरलेली मुलगी. तिच्या चेहऱ्यात शालनचा अर्धा चेहरा होता. तो अर्धा चेहरा रोज समोर बघायचा, ही कल्पनासुद्धा मला सहन होईना. आणि नाही म्हटलं, तर तात्यांचा-माझा धागा तिथेच तुटणार होता. मूलबाळ नव्हतं. पुण्याच्या काकांनी मला वाढवलं होतं, तेही आता थकले होते. शालनमुळे मला एक गाव मिळालं होतं, एक ओटा मिळाला होता. ते सगळं एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते वाक्य तात्या बोलत नव्हते.

ते सकाळी टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभे राहायचे. भाकरी स्वतः थापायचे, माझ्यापेक्षा चांगली. दुपारी खिडकीशी बसून रस्ता बघायचे. मी मनातल्या मनात नकाराचं वाक्य जुळवत होतो. खोडत होतो, पुन्हा जुळवत होतो.

पाडव्याच्या दुपारी मी कागद घेऊन बसलो असताना त्यांनी विचारलं, "हे काय असतं?"

मी मोसंब्यांपासून सुरुवात केली. तात्यांची मोसंबीची बाग होती, त्या वर्षी वाळून चालली होती. थर कसे बसतात ते त्यांना लगेच कळलं. त्यापुढचं मी सांगत राहिलो आणि ते ऐकत राहिले. नजर दुसरीकडे नेली नाही. शेवटी म्हणाले, "आन् हे सारं ह्या कागदावर?"

"हो. यात कुठेतरी चूक आहे. शालन असताना ती वाचून दाखवायची."

तिचं नाव आठ महिन्यांत आम्हा दोघांत पहिल्यांदा निघालं. तात्यांनी समोरचा कागद जवळ ओढला. म्हणाले, "तिला येत हुतं हे?"

"वाचायला येत होतं."

"कसं वाचायची?"

मी एक ओळ म्हणून दाखवली. चांदणी, कंस, काडी.

"मोठ्यानं म्हना की. आयकतो मी."

मग मी वाचायला लागलो. पहिल्या कागदापासून, एकेक अक्षर, ती वाचायची तसं. ऐकणाऱ्याला काही कळत नव्हतं, पण ते ऐकत होते, आणि ऐकणाऱ्या माणसासमोर घाईनं वाचता येत नाही. मध्येच मला वाटलं की सूरही तिचाच लागतोय. तात्यांनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि हातानं खूण केली, थांबू नका. ऊन खिडकीतून खाली सरकलं. "एल, कंस, आय वजा एक, कंस पुरा," मी वाचलं, आणि त्याच ओळीत पुढे पुन्हा वाचलं, "एल, कंस, आय वजा एक." आणि थांबलो.

"काय झालं?"

"इथे दोन हवं होतं."

थराची तुलना एकदा शेजारच्या थराशी आणि एकदा एक सोडून पलीकडच्या थराशी करायची होती. मी ती दोन्ही वेळा शेजारच्याशीच केली होती. यंत्र बिचारं सांगितल्याप्रमाणे एकाच थराकडे दोनदा बघत राहिलं होतं.

"घावली?" तात्यांनी विचारलं.

"घावली."

"मंग चहा टाकतो," म्हणून ते उठले.

त्याच आठवड्यात ईद आली. दिवाळी आणि ईद अशी लागून आलेली होती, तरी गल्ली गप्पच होती. हमीदाबी वाटीवर झाकण ठेवून वर आल्या आणि दारातच अडखळल्या. "शीरखुर्मा आहे. पण तुमच्याकडे गोड चालेल की नाही..." तात्यांनी पुढे होऊन वाटी घेतली. "द्या हो बाई. पोरीच्या घरी आलोय. पोरीच्या घरनं तोंड गोड न करता जात्यात व्हय?" हमीदाबींनी पदर तोंडाला लावला आणि त्या भराभर जिना उतरून गेल्या. त्या खोलीला कुणीतरी अजून शालनचं घर म्हणत होतं. मी वाटीतलं खाल्लं. त्याची चव मला आता आठवत नाही, चमच्याचा आवाज आठवतो.

मुंबईला निघायच्या दिवशी तात्या म्हणाले, "म्या बी येतो. म्हमई बघितली न्हाई." मला वाटलं, प्रवासात बोलणार. एसटी माळशेजच्या घाटात आली तरी ते बोलले नाहीत. खिडकीतून खाली बघत होते. घाटाच्या पलीकडे हिरवं होतं, आणि ते हिरवं त्यांनी कल्याणपर्यंत डोळ्यांनी सोडलं नाही.

संस्थेत काचेपलीकडे तो कॉम्प्युटर होता. पुरुषभर उंचीची कपाटं, फिरणारी टेपची चाकं, आणि सगळीकडे गारठा. तात्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी उपरणं अंगाभोवती लपेटलं आणि पहारेकऱ्याला विचारलं, "एवढा गारवा त्या यंत्राला लागतो व्हय?" मी चुकलेलं कार्ड बदललं, गठ्ठा ऑपरेटर बाईंच्या हाती दिला, आणि आम्ही वाट बघत बसलो. दोन नियम होते. एक सरांचा, दोष कुठेही पडतात. दुसरा माझा. एक दोष पडला की त्याच्या अगदी लगत दुसरा पडत नाही, मध्ये थोडं अंतर सोडूनच पडतो.

दुपार कलल्यावर बाईंनी कागद आणून दिले. तेव्हा आलेख काढायची वेगळी सोय नव्हती. अक्षरं छापणारं यंत्रच ओळीओळीत एकेक खूण उमटवत जाई, आणि त्या खुणांतून वळण तयार होई. मी पुण्याहून आणलेला फोटोवरचा आलेख शेजारी धरला. पहिला नियम जुळत नव्हता. रेघ सगळीकडे सारखी पसरली होती. दुसरा कागद उलगडला. वळण चढलं, थोडं रेंगाळलं, उतरलं, आणि बरोबर त्या जागी पुन्हा चढलं, जिथे फोटोतली रेघ गडद होती. मी बोट ठेवून ठेवून बघितलं. जुळत होतं.

तात्या वाकून बघत होते. "ह्या चांदन्याच की," ते म्हणाले.

खरंच. ते सगळं वळण तिच्या त्या गुणाकाराच्या खुणांनी काढलेलं होतं. सिलिकॉन कार्बाइडच्या दोषांबद्दल मला जे कळलं होतं, ते त्या क्षणी बहुधा दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आणि जिला धावत जाऊन सांगावं, ती नव्हती. यश मिळालं की एकटेपण कमी होतं असं वाटायचं. त्या बाकावर ते उलट वाढलं. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात खरखरीत होता आणि गारठ्यानं थंड पडला होता. "झालं न्हवं मनासारखं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

परतताना आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी तशीच हातात धरून ठेवली.

"एक बोलायचं हुतं. आठ दिस झालं, तोंडातनं निघंना."

मी माझं वाक्य तयार केलं.

"मंदासाठी जागा आलीय. पोरगं नगरातच हाय, कारखान्यात फिटर. लोकं चांगली दिसत्यात, पर आमाला शहरातलं काय कळतंय? तुमी जरा चौकशी करा. पोराला भेटा. तुमी व्हय म्हनलं तरच म्होरं जायाचं."

मी माझा कप खाली ठेवला.

"एवढंच?"

"एवढंच म्हंजी? बापामागं घरात कुनीतरी मोठं मानूस बघाया नको?" बशीतला चहा निवून गेला होता, त्यांनी तो एका घोटात संपवला. "शालन असती तर तिनंच तुमाला धाडलं असतं. आता मलाच यावं लागलं. भ्या वाटत हुतं, तुमी म्हनाल, आता माझा काय संबंध."

जुळवलेलं वाक्य घेऊन मी गाडीत चढलो. ते कुणालाच सांगायचं राहिलं.

प्रबंध पुरा व्हायला आणखी दीड-दोन वर्षं गेली. सरांनी आपलं मत बदललं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं सगळ्यांसमोर सांगितलं. आभाराच्या पानावर मी सरांच्या नावाखाली दोन नावं घातली होती. ती वाचून त्यांनी विचारलं, "हे दोघं कुठल्या विभागातले?" मी म्हणालो, "पुणतांब्याचे." त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि पान तसंच राहू दिलं. पुढे परदेशातल्या लोकांनी हेच काम कितीतरी मोठ्या यंत्रांवर, कितीतरी नीट केलं. माझा आठ-दहा पानांचा निबंध त्यांच्या संदर्भांच्या रांगेत कुठेतरी असतो. आता ते गणित खिशातल्या मोबाईलवरसुद्धा होईल. मी पुन्हा लग्न केलं नाही. ठरवून नाही, तसंच राहिलं. संध्याकाळी स्टोव्हचा आवाज बंद झाला की खोलीत जी शांतता पडते, तिची सवय झाली असं मी लोकांना सांगतो.

फिटर मुलाला मी भेटलो. दोनदा कारखान्याच्या फाटकाशी, एकदा त्याच्या घरी. सरळ होता, लाजरा होता, आईला घाबरत होता. मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गोदावरीला पाणी आलं, आणि मार्गशीर्षात मंदाचं लग्न पुणतांब्यात दारातल्या मांडवात लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि भटजींनी हाक दिली, "नवऱ्या मुलाचा कान पिळायला मुलीचा भाऊ पुढे या." तात्यांना मुलगा नव्हता. त्यांचा एक पुतण्या टॉवेल-टोपीच्या आशेनं पुढे सरसावला. मी मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी उभा होतो; तिथेच उभं राहणं मला बरं वाटत होतं.

तात्यांनी पुतण्याला हातानं थांबवलं. गर्दीवरून मान उंच करून ते इकडेतिकडे बघायला लागले, आणि मी दिसल्यावर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले.

"थोरल्या! आरं, तिकडं काय उभा ऱ्हायलास? ये की म्होरं."

जावयाला अरे-तुरे कुणी करत नाही. मांडवातल्या बायका चपापून तात्यांकडे बघायला लागल्या. लोक बाजूला सरकत गेले, वाट झाली, आणि मी पुढे गेलो.